गावाला जाताना ऋतू बघून जाऊ या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला 'निसर्गाच्या सान्निध्यात सुट्टी'. वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेचं सांगावं लागत नाही, पण माईकचं सांगता येत नाही, तेव्हा घंटी जवळ ठेवा.

आपण इथे राहनाळला राहायला आलो तेव्हाचं आठवून बघा. जुन्या सभासदांना आठवेल. मागच्या गॅलरीतून भाताची खाचरं दिसायची. पावसाळ्यात रात्रभर बेडकांचा आवाज, सकाळी बगळे. आमच्या सौ. तेव्हा म्हणायच्या, मुलांना गावाला न्यायची काय गरज, गाव इथंच आहे. आता त्याच गॅलरीतून गोडाऊनचे निळे पत्रे दिसतात आणि रात्रभर कंटेनर रिव्हर्स घेतल्याचा टूं-टूं आवाज येतो. तक्रार करत नाही. त्या गोडाऊनांवर आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटते. आणि आपली बिल्डिंगसुद्धा कुणाच्या तरी खाचरातच उभी आहे, हे विसरून चालणार नाही. पण शेत डोळ्यांसमोरून गेलं, आणि मग आपण ते शोधायला रविवारी गाडी काढून पडघा, वाशिंद, आसनगावच्या बाजूला जायला लागलो. मी तर त्याच्याही पुढे गेलो. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. ती माझ्या फार मोठेपणाची नाही.

१९८३ ते ८७ मी शहापूर तालुक्यात बँकेचा फील्ड ऑफिसर होतो. राजदूत मोटरसायकल, खांद्याला झोळी, झोळीत कर्जाचे फॉर्म. आयआरडीपीच्या म्हशी, बैलजोड्या, विहिरी. विहिरीच्या कर्जाची केस आली की जागेवर जाऊन टेप लावून अंतरं मोजायची. शेजारच्या विहिरीपासून किती, ओढ्यापासून किती. शेतकरी वैतागायचे. एकदा एकाने मला विचारलं, "साहेब, पाणी काय टेप बघून वाहतं का?" मी त्याला हसलो होतो.

रिटायर झाल्यावर, २००७ साली, त्याच तालुक्यात एका पाड्याला लागून वीस गुंठे जागा घेतली. मूळ गावच्या सातबाऱ्यावर नाव असल्यामुळे शेतकरी दाखला होता, अडचण आली नाही. दोन खोल्या बांधल्या, पुढे ओटी, ओटीपुढे हिरवळ. हो, लॉन! नातवंडांसाठी प्लास्टिकचा पोहायचा हौद. आणि अडीचशे फुटांचं बोअर. पाणी लागलं तेव्हा मी पेढे वाटले. पाड्यातली माणसंही पेढा घेऊन गेली.

त्या पाड्याची एक विहीर आहे, ग्रामपंचायतीची. माझ्या कुंपणापासून शंभर-सव्वाशे पावलांवर. तिचं पाणी पूर्वी मेच्या मध्यापर्यंत टिकायचं असं पाड्यातले सांगायचे. दुसऱ्या वर्षी ती पाडव्यानंतर आठ दिवसांत तळाला गेली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. शहापूर तालुक्याचं हे दुःख जुनंच आहे. तानसा धरण १८९२ सालचं, नंतर वैतरणा, भातसा. अख्ख्या मुंबईची तहान या डोंगरांनी भागवायची आणि उन्हाळ्यात धरणाच्या शेजारच्या पाड्यांनी टँकरची वाट बघायची. मी पण मान हलवून 'कठीण आहे बुवा' म्हणालो.

मग बायका हंडे घेऊन माझ्या फाटकापाशी यायला लागल्या. "काका, दोन हंडं भरू का?" मी मोठ्या मनानं पंप चालू करायचो. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. इथं सोसायटीत येऊनही मी ते सांगत असे. दोघा-तिघांनी 'पुण्याचं काम करताय' म्हटलं होतं, ते आज इथं बसलेले आहेत.

एके दिवशी पाड्यातले एक म्हातारे आजोबा बिडी ओढत ओटीवर बसले. रांगेकडे बघत म्हणाले, "साहेब, तुमी देताव ते पानी आमच्याच हिरीचं हाय." भांडायच्या सुरात नाही. आज ऊन आहे म्हणतात तसं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मला कायदा माहीत होता. १९९३ चा महाराष्ट्राचा भूजल कायदा: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायचं नाही. दुसऱ्याच्या कर्जाच्या फाईलवर मी अंतराचे शेरे मारलेले. स्वतःच्या बोअरच्या वेळी मला टेप आठवलीच नाही. बोअरवाल्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता हे होतं कसं, तेही थोडक्यात सांगतो. आपल्याकडचा खडक म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण. त्यात वाळूसारखं पाणी साठत नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जे मुरेल तेवढंच. पाऊस आपल्याकडे दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो, पण उतारावरून धावत ओढ्याला आणि ओढ्यातून खाडीला जातो. जानेवारीत ओढे आटतात. पुढचे पाच महिने त्या भेगांतलं साठलेलं पाणी पुरवायचं असतं. विहीर ते झिरपेल तसं घेते, रात्री भरते, दिवसा उपसतात. बोअर तीच भेग खालून पकडतं आणि मोटर बटण दाबल्यावर ओढत राहते. माझी हिरवळ रोज दोन तास पाणी पीत होती. माझ्या बोअरमुळेच विहीर आटली असं शंभर टक्के सिद्ध करता येणार नाही. त्या वर्षी पाऊसही लवकर थांबला होता, आणि वरच्या अंगाला आणखी तीन फार्महाऊस झाली होती. पण कोर्टात सुटेल असा माणूस घरात सुटतोच असं नाही.

हिरवळ मी त्याच आठवड्यात मोडली. सौ. दोन दिवस बोलल्या नाहीत. हौद इथं आणला, तो पंप रूमच्या मागे बरीच वर्षं पडलेला तुम्ही पाहिला आहे. ग्रामपंचायतीत जाऊन लेखी दिलं की फेब्रुवारी ते जून बोअरचं पाणी पाड्याच्या नळालाच जाईल, मी गेलो तर दोन बादल्या घेईन. उतारावर पाड्यातल्या पोरांना मजुरी देऊन आडवे चर खणले, छपराचं पाणी एका खड्ड्यात सोडलं. विहीर आता एप्रिल अखेरपर्यंत जाते. मेच्या मध्यापर्यंत जात नाही. पूर्वीसारखी झाली असं सांगितलं तर टाळ्या मिळतील, पण तसं झालेलं नाही.

त्यानंतर मी तिथं जायचे दिवस बदलले, आणि आज मला तुमच्याशी खरं तर हेच बोलायचं आहे.

आपण शहरातली माणसं गावाला कधी जातो? एक मे महिन्यात, शाळेला सुट्टी म्हणून. दुसरं जुलै-ऑगस्टच्या रविवारी, धबधबे म्हणून. आता हेच दोन मोसम पाड्याच्या बाजूनं बघा. मेमध्ये पाणी नसतं. बाई पहाटे चारला विहिरीवर जाऊन वाटीनं हंडा भरते आणि आपली गँग दिवसातून दोनदा आंघोळ करते. जुलैमध्ये आवणी. भाताचं रोप दिवसांत लागलं पाहिजे, चिखल वाट बघत नाही. घरातलं लहान पोरसुद्धा खाचरात असतं. त्यांच्या वर्षातले सगळ्यात कष्टाचे वीस-पंचवीस दिवस, आणि नेमके त्याच दिवसांत आपण बांधावर गाडी लावून, स्पीकर लावून, भिजायला जातो. एका वर्षी माझ्याच पाहुण्यांनी लावणीचा फोटो काढायला खाचरात उतरून चार ओळी तुडवल्या. पाड्यातली ताई काही बोलली नाही. आम्ही गेल्यावर तिनं ती रोपं परत लावली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

याचा अर्थ पावसाळ्यात जाऊच नका असा नाही. पण गेलात तर धबधब्याला नको. मृगाच्या सुमाराला, पहिल्या पावसानंतर रानभाज्या येतात. शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगी, मग कंटोळी. शेवळं घशाला खाजतात म्हणून त्यात काकडाची फळं घालतात. शेवळं विकणारी बाई काकडं सोबतच देते. या बायका आपल्या भिवंडीच्या बाजारातही टोपली घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्या, आणि एवढी मेहरबानी करा, घासाघीस करू नका. पाच तास जंगलात फिरून ती टोपली भरलेली असते.

काजव्यांचंही तसंच. मेअखेर ते जूनच्या दरम्यान, पाऊस येऊ घातलेला असतो तेव्हा, सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखतात. ती त्यांची जोडीदार शोधायची खूण असते. सगळं आयुष्य अळी म्हणून जमिनीत गोगलगायी खाऊन काढायचं आणि पंख फुटल्यावर थोडेच दिवस उजेड करायचा. त्यात आपण गाडीचे हेडलाईट आणि मोबाईलचे टॉर्च मारले की त्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही. आपली तीन वर्षांपूर्वीची भंडारदऱ्याची सहल आठवा. रस्त्यावर गाड्यांची रांग, लोक झाडं हलवून काजवे उडवत होते, एका मुलानं बाटलीत भरून आणले. सकाळी बाटलीत काय होतं ते त्याच्या आईला विचारा. त्याच अकोले तालुक्यात पुरुषवाडी नावाचं महादेव कोळी समाजाचं गाव आहे. तिथं गावानं मिळून काजवे दाखवायचं काम हाती घेतलं. पाहुण्यांचं जेवण गावातल्या घरांत, वाट दाखवायला गावचा माणूस. पैसा गावात राहतो, म्हणून काजव्याचं झाड जपायला गावालाच कारण मिळतं.

हीच गोष्ट कोकणात वेळासला झाली. मंडणगड तालुक्यातलं हे समुद्रकाठचं गाव. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं तिथं अंडी घालायला येतात. पूर्वी अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं २००२ पासून तिथं घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले तेव्हा त्यांना हॉटेलात नाही, गावातल्या घरांत ठेवलं. साधं जेवण, उकडीचे मोदक, ओटीवर झोप. कासव आलं तर पाहुणा येतो, पाहुणा आला तर घरात चार पैसे. कासपठारावर फुलांसाठी रोजच्या माणसांची संख्या ठरवून द्यावी लागली. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कास आहे. आपण मर्यादा पाळत नाही म्हणून गेट लावावं लागतं, एवढंच त्यातून मला दिसतं.

आता कधी जावं ते सांगतो. दिवाळी ते शिवरात्र.

भात कापून झालेलं असतं. खळ्यावर झोडणी चालते, नव्या तांदळाचा वास येतो. त्याच ओल्या खाचरात वाल टाकलेला असतो, पौषात त्याला शेंगा धरतात. ओढ्याला अजून पाणी असतं. हवा गार. विहीर भरलेली. घरात धान्य आणि माणसाला सवड. पाहुण्याला बसा म्हणायची ऐपत त्यांना वर्षातून याच दिवसांत असते.

आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे. दिवाळी झाली की पाड्यात काम संपतं. मग ट्रक येतो. उचल दिलेली असते. नवरा, बायको, पोरं, कोंबड्या, भांडी सगळं ट्रकमध्ये चढतं आणि वीटभट्टीवर जातं. थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत. पोरांची शाळा तिथंच तुटते. त्या भट्ट्या कुठे आहेत? आपल्या भिवंडी तालुक्यात, कल्याणला, वसईला. आपल्या या भिंतींतल्या विटा कुणी थापल्या असतील, मी कधी विचार केला नव्हता. आपल्याला शेजारी म्हणून ही माणसं चार महिने भट्टीवर भेटू शकतात, आणि आपण त्यांचं गाव बघायला जातो तेव्हा ती तिथं नसतात.

म्हणून मी मागच्या दोन हिवाळ्यांत एक हिशेब करून बघितला. बँकेची सवय, जाता जात नाही. आपली रिसॉर्टची सहल माणशी १,८०० रुपयांना झाली होती. मी तिथल्या मॅनेजरशी गप्पा मारल्या. भाजी कल्याणच्या मार्केटची, पनीर बाहेरचं, आचारी परप्रांतातला, पाण्याच्या बाटल्या खोक्यानं आलेल्या. बाजूच्या पाड्यातली दोन माणसं झाडू मारायला आणि एक गेटवर. आपल्या हजार रुपयांतले शंभरही पाड्यात उतरले नसावेत. हा अंदाज आहे, ऑडिट केलेलं नाही.

नंतर डिसेंबरात ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचे आम्ही ३४ जण पाड्यावर गेलो. कल्याणहून कसारा लोकल, पुढे टमटम. सकाळचा चहा-नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळून माणशी ४५० रुपये, म्हणजे १५,३०० रुपये, सहा घरांत वाटून. तांदूळ त्यांचा, वाल त्यांचा, कोंबडी त्यांची, सरपण त्यांचं. तेल, साखर, चहा एवढंच शहापूरच्या बाजारातून. येताना लोकांनी हातसडीचा तांदूळ आणि वाल विकत घेतला, त्याचे वेगळे.

सगळं छान झालं असं समजू नका. संडासची अडचण झाली; सहा घरांत मिळून दोनच, आणि आमच्यात गुडघेदुखीवाले अर्धे. एका भगिनींना तांदळाची भाकरी चालेना, त्यांनी चपातीचा आग्रह धरला, तेव्हा पाड्यातली ताई खाली बघत म्हणाली, "गव्हाचं पीठ नाय वो आमच्यात." कुणीतरी थर्माकोलच्या प्लेटी आणल्या होत्या, २०१८ पासून राज्यात बंदी असताना! त्या मी पिशवीत भरून परत आणल्या, आपल्या कचराकुंडीत टाकल्या. तिथं कचरागाडी येत नाही. तिथं टाकलेली प्लेट एक तर ओढ्यात जाते नाही तर बैलाच्या पोटात.

पण एक गोष्ट झाली. त्या सहा घरांपैकी दोन घरं त्या वर्षी भट्टीवर उशिरा गेली, आणि एक घर गेलंच नाही. आमच्या १५,३०० मुळे नाही. ते घर गेलं नाही कारण त्या ताईनं महिनाभरात आणखी तीन गटांना जेवण घातलं; आमच्यातल्याच एकांच्या मुलानं ऑफिसात सांगितलं होतं. तिची मुलगी सातवीची परीक्षा गावच्या शाळेतून देऊ शकली.

याला आता सरकारी नावही आहे. २०२० साली राज्यानं कृषी पर्यटन धोरण जाहीर केलं, शेतकऱ्याला नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. बारामतीच्या बाजूला तर हे त्याआधीपासून चालू आहे. इटलीत १९८५ सालीच कायदा झाला, आणि त्यातली एक गोष्ट मला फार पटली: शेती मुख्य, पाहुणे जोडीला. शेती सोडून नुसती खोल्या भाड्यानं देणारी जागा त्यात बसत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोर्ड 'कृषी पर्यटन' आणि आत रेन डान्स. आत जायच्या आधी एवढं विचारा, इथं भात कोण लावतं आणि ते कुठं आहे?

तरुण मंडळींपैकी ज्यांनी मुरबाड-शहापूरला प्लॉट बघितला आहे, मला माहीत आहे तीन जणांनी बघितला आहे, त्यांना एक विनंती. बिल्डरनं दाखवलेला स्विमिंग पूलचा कागद बाजूला ठेवा आणि पाड्याची विहीर कुठं आहे ते बघा. टेप माझ्याकडे आहे, ५० मीटरची, दहा वेळा धरावी लागेल. मी बरोबर यायला तयार आहे, गाडीत पुढची सीट द्या.

मुलं मागे कंटाळली आहेत, घंटीपण झाली. रौप्यमहोत्सवाची सहल कमिटीनं जुलैमध्ये धबधब्याला ठरवली होती. माझी विनंती आहे की ती मार्गशीर्षात करावी. पाड्यावर मी बोललो आहे. ताई म्हणाली, साठ माणसं नको, पस्तीस आणा, दोनदा आणा. तिनं या वेळी संडास बांधून घेतला आहे, त्याला कट्ट्यानं थोडी मदत केली. गव्हाचं पीठ ती आणून ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ताट-वाटी आपापली न्यायची. नाव नोंदवायची वही सेक्रेटरींच्या टेबलावर आहे, पहिली पानं भरली की दुसऱ्या फेरीची तारीख लावू.